बंद ठेवल्यावर वाढणारा खेळ

२००९ साली परीक्षेच्या तोंडावर अम्मीने आमच्या हातातले खेळाचे यंत्र काढून घेतले, कपाटात चादरींच्या घड्यांखाली ठेवले आणि किल्ली पदराला बांधली. यंत्राचे नाव निन्टेंडो डीएस. भाईजान कुवेतहून येताना ते कुणाकडून तरी वापरलेले विकत घेऊन आले होते. त्यात इंग्रजीतला एकच खेळ होता. शेवटचा पेपर झाला, कपाट उघडले गेले, यंत्र सुरू केले. सगळे जिथे सोडले तिथेच असेल, अशी आमची समजूत होती. तसे नव्हते. आम्ही किती काळ खेळलो नाही याचा हिशेब खेळाने केला आणि त्या न खेळण्याबद्दल आम्हाला गुण दिले. नायकाजवळचे बिल्ले आमच्या गैरहजेरीत वाढले होते. अम्मीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बघ, त्या डब्यालासुद्धा कळतं. तुलाच कळत नाही."

अम्मीचा तो टोमणा होता. पण आज इतक्या वर्षांनी त्या खेळाबद्दल लिहायला बसलो, तर त्याच्यावरचे सर्वांत नेमके मत तेच वाटते. खेळणाऱ्याला जखडून ठेवणे हा बहुतेक व्हिडिओ गेमचा धंदा असतो. हा खेळ मात्र आपल्याला बंद करायला सांगत होता, आणि तेही उपदेशातून नाही, गुणांच्या हिशेबातून. असे का, याचे उत्तर त्याच्या कथेत आहे, आणि त्याहून जास्त त्याच्या रचनेत आहे.

साहित्याच्या वार्षिकात खेळण्यावर लेख कशाला, असे काही वाचक विचारतील. सिनेमाबद्दलही एके काळी असेच विचारले जात होते. ज्या गोष्टीने आमच्या पिढीतल्या काहींना माणसांकडे पाहायला शिकवले, ती कागदावर नव्हती म्हणून तिची समीक्षा करू नये, हे आम्हाला पटत नाही. समीक्षा म्हणजे कौतुकच असेही नाही. या खेळाबद्दल आमच्या दोनतीन तक्रारी आहेत आणि त्या किरकोळ नाहीत.

खेळाचे इंग्रजी नाव 'द वर्ल्ड एन्ड्स विथ यू'. स्क्वेअर एनिक्स आणि ज्युपिटर या दोन जपानी कंपन्यांनी मिळून तो तयार केला. २७ जुलै २००७ रोजी तो जपानमध्ये आला, तेव्हा त्याचे नाव 'सुबाराशिकी कोनो सेकाई', म्हणजे 'हे सुंदर जग', असे होते. एप्रिल २००८ मध्ये तो युरोप-अमेरिकेत इंग्रजीत आला. दिग्दर्शक तात्सुया कांदो, पात्रांची चित्रे तेत्सुया नोमुरा आणि गेन कोबायाशी यांची, संगीत ताकेहारू इशिमोतो यांचे. ज्याला ॲक्शन रोल-प्लेइंग म्हणतात त्या जातीचा हा खेळ. म्हणजे एका पात्राची भूमिका घ्यायची, लढतालढता त्याची ताकद वाढवायची, आणि लढाई आपली पाळी येण्याची वाट न पाहता हाताच्या चपळाईने करायची. या जातीच्या खेळांत बहुधा राजवाडे, तलवारी आणि ड्रॅगन असतात. इथे तोक्योमधला शिबुया हा गजबजलेला भाग आहे. रेल्वे स्टेशनासमोरचा तो प्रसिद्ध चौक, जिथे सिग्नल पडताच चारी बाजूंनी माणसे एकदम रस्ता ओलांडतात, तिथेच हा खेळ सुरू होतो.

पंधरा वर्षांचा नेकू साकुराबा त्या चौकात जागा होतो. कानांवर भलेमोठे हेडफोन. माणसांचा त्याला तिटकारा आहे; हेडफोन तो गाण्यांसाठी कमी आणि इतरांचा आवाज कानांवर पडू नये म्हणून जास्त वापरतो. त्याच्या हातात एक काळा बिल्ला आहे. तो मुठीत दाबला की भोवतालच्या माणसांच्या मनातले विचार एकदम ऐकू येऊ लागतात. ज्याला कुणाचे काही ऐकायचे नाही, त्याच्या वाट्याला सगळ्यांचे सगळे ऐकणे येते.

हळूहळू उलगडते ते असे. नेकू मेला आहे, पण ते त्याला आठवत नाही. मेलेल्यांपैकी काहींना सात दिवसांच्या एका डावात उतरवले जाते. रोज मोबाइलवर एक कामगिरी येते, तळहातावर मुदतीचे आकडे उमटतात, वेळेत काम झाले नाही तर अस्तित्व पुसले जाते. डाव चालवणाऱ्यांना रीपर म्हणतात. जे राक्षस अंगावर येतात त्यांचे नाव 'नॉइज', म्हणजे गोंगाट. माणसांच्या मनातल्या वाईट भावनांवर ते पोसतात. डावात उतरण्यासाठी प्रवेशफी द्यावी लागते, आणि ती म्हणजे ज्याला जे सर्वांत प्रिय ते. आणखी एक अट आहे: एकट्याने टिकता येत नाही. दुसऱ्या कुणाशी करार करून जोडीदार व्हावेच लागते. म्हणजे ज्या मुलाला जगात एकटे राहायचे होते, त्याला मेल्यावर जोडीदाराशिवाय एक दिवसही काढता येत नाही.

इथपर्यंतची कथा एखाद्या कादंबरीतही मावली असती. खरी खुबी पुढे आहे.

डीएस यंत्राला दोन पडदे होते. वरचा नुसता पाहण्याचा, खालचा काडीने स्पर्श करण्याचा. बहुतेक खेळांनी वरच्या पडद्यावर नकाशा टाकला आणि मोकळे झाले. या खेळाने दोन पडद्यांवर दोन माणसे ठेवली. खाली नेकू, त्याला उजव्या हातातल्या काडीने चालवायचे; वर जोडीदार, त्याला डाव्या अंगठ्याने बटणांवर चालवायचे. एकच शत्रू दोन्ही पडद्यांवर एकाच वेळी असतो. दोघांची जीवनरेषा मात्र एकच. वरच्याला मार बसला तरी खालचा मरतो. एक हिरवी ज्योत दोघांमध्ये फिरते. एकाने मालिका नीट पूर्ण केली की ती दुसऱ्याकडे जाते, त्याने वेळेत उत्तर दिले की परत येते, आणि देवघेव जितकी टिकते तितका प्रहाराचा जोर वाढतो.

पहिल्या दिवशी हे अशक्य वाटते. दोन डोळे एकाच ठिकाणी पाहतात, मग दोन ठिकाणी कसे पाहावे? आम्ही आठवडाभर वरच्या पोरीकडे दुर्लक्ष केले. थोडा वेळ बटणे दाबली नाहीत तर ती आपली आपणच लढते, त्यामुळे चालून जात होते. मग एका मोठ्या लढाईत आम्ही खाली उत्तम लढलो आणि तरीही मेलो, कारण वर ती एकटी मार खात होती आणि आम्ही पाहिलेच नव्हते. नेकूची कथेतली चूक आणि आमची खेळातली चूक एकच होती. त्यानंतर नजर वर-खाली जायला शिकली. कुणी सांगितले म्हणून नाही; तिचे मरण हे आमचे मरण आहे हे दहा वेळा मरून कळले म्हणून.

काही बिल्ले काडीने ओढून चालत, काही टोचून, काही यंत्रावर फुंकर घातल्यावर. नानी विचारायची, "चहा निववतोस का त्यात?"

पहिल्या आठवड्याची जोडीदार शिकी मिसाकी. हसरी, देखणी, बोलकी. नेकू तिला झिडकारत राहतो. एक रीपर त्याच्या कानात भरवते की ही मुलगी फितूर आहे, तिला संपव, म्हणजे तुला सोडू. आणि नेकू खरोखर तिच्या जिवावर उठतो. ऐन वेळी हानेकोमा नावाचा चहा-कॉफीच्या दुकानाचा मालक येऊन त्याला थांबवतो. ही जागा कथाकारांनी सौम्य केलेली नाही. नायक एका निरपराध मुलीला मारायला निघाला होता ही गोष्ट खेळ पुढे विसरू देत नाही.

शिकीचे गुपित नंतर कळते. आपण जिला पाहतो तो चेहरा तिचा नाहीच. तो तिच्या मैत्रिणीचा, एरीचा. शिकीला तिचा हेवा वाटायचा. तिच्यासारखे दिसावे, असावे, असे वाटायचे. प्रवेशफी म्हणून शिकीचे स्वतःचे रूप काढून घेतले गेले आणि तिला हवे ते रूप मिळाले. मिळाल्यावर तिला कळले की गेले ते आपले होते. रूपाच्या हेव्यावर लिहिलेल्या कथा आम्ही बऱ्याच वाचल्या आहेत. पण ज्या चेहऱ्याला आपण आठवडाभर चालवले, ज्याच्यासाठी कपडे विकत घेतले, तो परका होता हे कळणे वेगळे. शेवटपर्यंत तिचा खरा चेहरा आपल्याला नीट दाखवलेला नाही. दाखवला असता तर आपण लगेच तुलना केली असती.

सात दिवस पार पडतात, पण परत जिवंत होण्याची संधी एकालाच मिळते. नेकूला पुन्हा डावात उतरावे लागते. या खेपेची प्रवेशफी: शिकी. ज्याला कुणीच प्रिय नव्हते, त्याच्याजवळ हिरावून घेण्यासारखे माणूस आता झाले होते. तिसऱ्या खेपेला तर डावातले बाकीचे सगळेच खेळाडू फी म्हणून काढून घेतले जातात, म्हणजे करार करायला माणूसच उरत नाही. तेव्हा बीट हा रीपरांना जाऊन मिळालेला, धसमुसळा, बोलण्यात कच्चा पोरगा त्यांना सोडून नेकूच्या बाजूला येतो. त्याच्या धाकट्या बहिणीला, ऱ्हाइमला, आपला भाऊ कोण हेच आठवत नव्हते. तिच्या मनातली आपली ओळख ही बीटची फी होती. भाऊ शेजारी चालतो आहे आणि बहीण त्याला केवळ मित्र समजते. खेळात हे दोनचार ओळींत येऊन जाते, पण घरात बहीण असलेल्या कुणालाही ते सहज विसरता येणार नाही.

आता खेळाच्या दुसऱ्या बाजूकडे, बाजाराकडे, वळतो. शिबुया हा फॅशनचा भाग. खेळात तेरा ब्रँड आहेत: बारा पूर्वेकडच्या राशिचक्रातल्या बारा प्राण्यांच्या नावाचे, आणि तेरावा मांजराच्या, जे त्या बारांत नसते. बिल्ले तीनशेहून अधिक. प्रत्येक वस्तीत कोणता ब्रँड चलतीत आहे याची यादी असते. चलतीतले घालून लढलात तर जोर वाढतो, यादीत तळाला असलेले घातले तर घटतो. पण तेच तळाचे अंगावर ठेवून लढत राहिलात तर त्याची चलती तुम्ही स्वतःच निर्माण करता. ही यंत्रणा हुशार आहे. फॅशन म्हणजे लोक काय घालतात ते, आणि लोकांत आपणही आलोच, एवढे ती दाखवते. कपड्यांना मुलांचे-मुलींचे असे कुंपणही घातलेले नाही. मुलगा झालरीचा फ्रॉक घालू शकतो. फक्त 'धाडस' नावाचा गुण पुरेसा लागतो, आणि तो जेवण खाऊन वाढवता येतो. जेवणालाही मर्यादा आहे, घड्याळातल्या एका दिवसात चोवीस एककांपलीकडे पोट घेत नाही. पुढचे हवे असेल तर उद्या या.

पण आमची पहिली तक्रार इथेच आहे. दुकानदाराकडून पुन्हा पुन्हा माल घेतला की तो ओळख दाखवतो आणि कपड्याचा छुपा गुण सांगतो. माणसांकडे लक्ष द्या म्हणणाऱ्या खेळात अनोळखी माणसाशी जवळीक होण्याचा सोपा मार्ग गिऱ्हाईक होणे हा आहे. ज्याच्या खिशात पैसे नाहीत अशा माणसाचे या शिबुयात काय होते, हा प्रश्न खेळाला पडत नाही. तिथे कुणी रस्ता झाडताना दिसत नाही. चौकातल्या गर्दीची मने आपण वाचतो, त्यांत परीक्षेची, प्रेमाची, नोकरीची काळजी असते. पोटाची काळजी आम्हाला आढळली नाही.

दुसरी तक्रार अधिक खोल आहे. नेकूच्या काळ्या बिल्ल्याने मने वाचता येतात, तशी त्यांत शब्द पेरताही येतात. एखादा माणूस नेमके काय करावे हे विसरला आहे, त्याच्या मनात आपण एक शब्द टाकतो, त्याला सुचल्यासारखे होते, आपले काम होते. खेळात हे मदत म्हणून येते. आणि शेवटी खलनायक काय करतो? मेगुमी कितानिजी या रीपरप्रमुखाला शिबुया वाचवायचे आहे. त्याच्या मते सगळे भांडण माणसे वेगवेगळा विचार करतात म्हणून आहे. म्हणून तो लाल कवटीचा बिल्ला शहरभर चलतीत आणतो आणि तो लावलेल्या सगळ्यांच्या मनात एकच विचार पेरतो. माणसे एका सुरात एकच वाक्य बोलू लागतात.

कितानिजी दुष्ट नाही, म्हणूनच तो लक्षात राहतो. त्याला खरोखर शांतता हवी आहे, नासधूस नको आहे. एकी म्हणजे एकसारखेपणा, आणि वेगळा दिसतो तो अडथळा, असे मानणारा माणूस पुष्कळदा प्रामाणिक असतो. खेळ त्याला जे उत्तर देतो ते आम्हाला मोलाचे वाटते: माणसांत फरक आहेत म्हणून टक्कर होते हे खरे, पण दुसऱ्याच्या टक्करीतूनच आपले जग आपल्या कातडीपलीकडे वाढते. नाव 'जग तुझ्यापाशी संपते' असे आहे. अर्थ हा की तू जिथे थांबशील तिथे ते संपेल. हे उत्तर दोन पडद्यांच्या लढाईनंतर आले म्हणून पटते. वरचा जोडीदार नेकूसारखा लढत नाही, त्याची पद्धत वेगळी, वेग वेगळा. त्याला आपल्यासारखे केले तर ज्योतीच्या देवघेवीला अर्थच उरत नाही.

मात्र नेकूने सुट्या सुट्या मनांत शब्द पेरणे आणि कितानिजीने सगळ्या शहरात एक विचार पेरणे, यांत फरक संख्येचा की जातीचा, याचा जाब खेळ स्वतःला विचारत नाही. दुसऱ्याच्या मनात त्याच्या परवानगीशिवाय शिरलेला मुलगा शेवटी एकसारखेपणाविरुद्ध उभा राहतो, आणि आपण आधी काय केले याचा उल्लेखही करत नाही. एखाद्या कादंबरीकाराला आम्ही ही सवलत दिली नसती.

तिसरी तक्रार जोशुआबद्दल. दुसऱ्या आठवड्याचा हा जोडीदार गोड बोलतो, टोचून बोलतो, आणि नेकूला संशय येत राहतो की आपल्याला मारणारा हाच. संशय एकदा फिटतो, आणि अखेरीस खरा ठरतो. जोशुआ हाच शिबुयाचा सर्वाधिकारी, आणि नेकूला गोळी घालणाराही तोच. शेवटी दोघे समोरासमोर पिस्तूल घेऊन उभे राहतात. नेकूला झाडता येत नाही. विश्वास ठेवायला शिकलेला माणूस खुन्यावरही गोळी झाडू शकत नाही, हे आम्ही मान्य करतो. त्या क्षणी यंत्र हातात धरून बसलेल्या आमच्याही डोळ्यांत पाणी आले होते. पण त्यानंतर शहर वाचते, मुले परत येतात, आणि जोशुआचा हिशेब तसाच राहतो. त्याच्या वागण्याची कारणे गुप्त अहवालांत आहेत, आणि ते मिळवायला खेळ संपल्यावर जुने दिवस पुन्हा खेळून अटी पुऱ्या कराव्या लागतात. ज्याने मारले त्याने शिकवले, म्हणून मारणे माफ, असा अर्थ एखाद्या पोराने काढला तर त्याला दोष कसा द्यावा? नेकू त्याला माफ केल्याचे सांगत नाही, एवढा संयम कथाकारांनी राखला, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

शेवट हाचिकोच्या पुतळ्याजवळ होतो. मेलेल्या मालकाची स्टेशनावर वर्षानुवर्षे वाट पाहणारा हा कुत्रा खरा होता. १९३४ मध्ये त्याचा पुतळा उभारला गेला, १९३५ मध्ये तो मेला. पहिला पुतळा युद्धकाळात वितळवला गेला, आताचा १९४८चा आहे. शिबुयात कुणाला भेटायचे असेल तर लोक तिथेच थांबतात. ज्याला कुणालाच भेटायचे नव्हते तो नेकू तिकडे निघतो आणि वाटेत कानांवरचे हेडफोन टाकून देतो.

आता पुन्हा त्या बंद यंत्राकडे येतो. बिल्ले तीन प्रकारे वाढतात: लढून, यंत्र बंद ठेवून, आणि भेटून. तिसऱ्या प्रकारासाठी यंत्र आसपासची इतर यंत्रे बिनतारी शोधते. हाच खेळ खेळणारा कुणी जवळून गेला तर भरपूर गुण, दुसरा कुठला खेळ खेळणारा गेला तरी थोडे. म्हणजे घरात बसून काही बिल्ले पूर्ण होतच नाहीत; बाहेर पडावे लागते, लोकांत जावे लागते. तोक्योच्या लोकल गाडीत हे सहज होत असेल. खेड तालुक्यातल्या आमच्या गावात दुसरे डीएस नव्हते. आम्ही ते खिशात घालून बाजारात हिंडलो, एसटी स्टँडवर बसलो, एकदा मुंबईला खालाकडे गेलो तेव्हा कुर्ला स्टेशनच्या पुलावर अर्धा तास उभे राहिलो. कुणी भेटले नाही. पण अधूनमधून यंत्र सांगायचे की एक परग्रहवासी भेटला, आणि तुटपुंजे गुण द्यायचे. जिथे दुसरे कुणी नसेल तिथल्या खेळणाऱ्याचाही कुणीतरी विचार करून ठेवला होता. त्या अर्ध्या तासात पुलावरून गेलेल्या माणसांकडे मात्र आम्ही पहिल्यांदा नीट पाहिले. बिल्ला नव्हता, तेव्हा त्यांच्या मनात काय आहे याचा अंदाजच करावा लागत होता.

हा खेळ पुढे अनेक रूपांत आला. २०१२ मध्ये आयफोन-आयपॅडवर, २०१८ मध्ये निन्टेंडो स्विचवर. २०२१ मध्ये त्याची ॲनिमेशन मालिका आली आणि त्याच वर्षी पुढचा भागही. चित्रे अधिक सुबक झाली, स्विचवर तर दोन माणसांना एकत्र खेळण्याची सोय झाली. पण पडदा एकच राहिला. नेकू आणि जोडीदार एकाच चौकटीत आले. त्यामुळे खेळ सोपा झाला, नवख्यांना बरा वाटला, आणि कथेतला एक शब्दही त्यासाठी गाळावा लागला नाही. तरीही आमच्या मते काहीतरी गेले. आता नजर वर उचलावी लागत नाही. जोडीदार न शोधता दिसतो, आणि न शोधता दिसणाऱ्याकडे दुर्लक्ष केल्याची शिक्षाही कळत नाही. जुन्या यंत्रावर जी गोष्ट हाताला शिकवली जात होती, ती आता पात्रांच्या तोंडून ऐकावी लागते. ऐकलेले चटकन विसरते. एखाद्या कलाकृतीचा आशय तिच्या माध्यमातून वेगळा काढता येत नाही, असे समीक्षक नेहमी म्हणतात. आम्हाला ते पुस्तकांतून पटले नव्हते, या खेळाच्या नव्या आवृत्त्यांनी पटवले.

आमचे जुने यंत्र अजून आहे. एकदा हातून पडले तेव्हापासून वरचा पडदा काळा आहे. मागच्या सुट्टीत आपाच्या धाकट्याने ते हट्टाने चालू करायला लावले. खाली नेकू लढत होता. तो म्हणाला, "मामू, वर तर काहीच नाही."

आम्ही त्याला नेकूभोवतीची हिरवी ज्योत दाखवली. मालिका पूर्ण झाली, ज्योत नाहीशी झाली. डावा अंगठा अंदाजाने बटणांवर चालत राहिला. थोड्या वेळाने ती परत आली.

"वर कोण आहे?" त्याने विचारले.

"शिकी," आम्ही म्हणालो, आणि यंत्र त्याच्या हातात दिले.